आधी व्याकरण, मग उत्क्रांती: नियमांतून प्लॅन कसे वाढवायचे

जेनेटिक अल्गोरिदम (अनेक प्लॅन बनवून त्यातले चांगले निवडायचे, त्यांची सरमिसळ करायची आणि असं पिढ्यानपिढ्या सुधारत न्यायचं, ही शोधायची पद्धत) पहिल्यांदा हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक आर्किटेक्ट एकाच ठिकाणी अडकतो. ग्रासहॉपर ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ-दहा स्लायडर ठेवतो, लांबी, रुंदी, उंची, खिडकीचा आकार, त्याला त्यातलंच जेनेटिक अल्गोरिदमचं साधन, गॅलापागोस, जोडतो, रात्रभर मशीन चालू ठेवतो आणि सकाळी बघतो तर तोच डबा, थोडा लांब नाहीतर थोडा बुटका. मग म्हणतो ह्यात काही दम नाही. अहो, अल्गोरिदमने त्याचं काम चोख केलेलं असतं, त्याला शोधायला दिलेली जागाच एवढीशी होती. स्लायडर हलवून डबा लहानमोठा होईल, पण त्याच्या मधोमध चौक उघडणार नाही, जिना बाहेर सरकणार नाही, दोन खोल्यांच्या तीन होणार नाहीत. त्यासाठी रचनाच बदलणारे नियम लागतात, म्हणजे व्याकरण लागतं. म्हणून ह्या लेखात व्याकरणाला जास्त जागा दिलीये आणि उत्क्रांतीला कमी, आणि प्रत्यक्ष कामातही वेळेची वाटणी अशीच व्हावी असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

शेप ग्रामर, म्हणजे आकारांचं व्याकरण, ही कल्पना जॉर्ज स्टिनी आणि जेम्स गिप्स यांनी १९७१ मध्ये मांडली. गाभा अगदी साधा: एक सुरुवातीचा आकार आणि काही नियम, प्रत्येक नियमाला दोन बाजू, डावीकडचं चित्र कुठे सापडलं की तिथे उजवीकडचं चित्र ठेवायचं. १९७८ मध्ये स्टिनी आणि विल्यम मिचेल यांनी सोळाव्या शतकातल्या पलाडिओ ह्या इटालियन आर्किटेक्टच्या व्हिलांचं व्याकरण लिहिलं आणि त्यातून पलाडिओने बांधलेल्या व्हिलांचे प्लॅन तर निघालेच, पण त्याने कधीच न काढलेले, तरी त्याचेच वाटावेत असे प्लॅनही निघाले. १९८१ मध्ये कोनिंग आणि आयझेनबर्ग यांनी अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटच्या प्रेअरी घरांसाठी तेच केलं, तिथे सुरुवात फायरप्लेसपासून होते आणि घर त्याच्याभोवती वाढत जातं. जोझे दुआर्ते यांनी २००१ मध्ये पोर्तुगालमधल्या एव्होरा इथल्या, आर्किटेक्ट अल्वारो सिझाच्या मालागेइरा वसाहतीच्या घरांचं व्याकरण तयार केलं.

उत्क्रांतीची बाजू वेगळीकडून आली. रेखेनबर्ग आणि श्वेफेल बर्लिनमध्ये १९६० च्या दशकात ह्यावर काम करत होते, अमेरिकेत जॉन हॉलंडने १९७५ मध्ये जेनेटिक अल्गोरिदमची नीट मांडणी केली, आणि आर्किटेक्चरमध्ये जॉन फ्रेझरने तर १९९५ पर्यंत ह्या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. दोन्ही गोष्टी जोडायची सगळ्यात सोपी युक्ती १९९८ ची आहे, रायन, कॉलिन्स आणि ओ'नील यांचं ग्रामॅटिकल इव्होल्यूशन. आकड्यांची एक माळ घ्यायची आणि ती व्याकरणातून वाचायची, आकडा सांगतो कुठला नियम लावायचा. त्यांनी ते कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिण्यासाठी केलं होतं, आपण तेच प्लॅनसाठी वापरणार आहोत.

पायरी १: कॉम्प्युटर बंद ठेवा, प्लॅन वाचा

ज्या प्रकारची इमारत करायचीये तिचे सहा ते दहा चांगले प्लॅन जमवा, प्रिंट काढा, टेबलावर पसरा. आता दोन रंगांची पेन्सिल घ्या. सगळ्या प्लॅनमध्ये जे कधीच बदलत नाही ते एका रंगाने, जे बदलतं ते दुसऱ्या रंगाने. ओल्या खोल्या (स्वयंपाकघर, बाथरूम) सगळीकडे एकाच भिंतीला चिकटलेल्या आहेत का? जिना नेहमी प्रवेशाला लागून आहे का? कॉरिडॉर इमारतीच्या एका कडेला आहे की मधून? हे दोन दिवसांचं काम आहे आणि इथेच सगळा डिझाइनचा विचार होतो, बाकी पुढचं सगळं सुतारकाम.

मग नियम चित्राने काढण्याआधी शब्दांत लिहा. "मोठ्या तुकड्याचे दोन भाग कर, पण लहान भाग ३० टक्क्यांपेक्षा छोटा नको." "कॉरिडॉरची पट्टी १.२ मीटर, तिच्या दोन्ही बाजूंना खोली असलीच पाहिजे." एखादा नियम तुम्हाला शब्दांत नीट लिहिता येत नसेल तर तो अजून तुमच्या डोक्यातच स्पष्ट झालेला नाही, तो कोडमध्ये तर अजिबातच होणार नाही.

पायरी २: नियमांना टप्पे द्या

पलाडिओच्या व्याकरणातून उचलायची सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते त्याचे टप्पे आहेत. त्यात आठ टप्पे होते, आधी ग्रिड, मग बाहेरच्या भिंती, मग खोल्यांची मांडणी, असं करत करत दारं-खिडक्या जवळजवळ शेवटी. सगळे नियम एकाच वेळी मोकळे सोडले तर खिडकी लागलेली भिंत पुढच्या नियमाने मधोमध कापली जाते, मग ती खिडकी कुणाची? टप्पे ठेवायला लेबल वापरा. प्रत्येक तुकड्यावर एक चिठ्ठी समजा: "कच्चा", "खोली", "कॉरिडॉर", "ओलं". नियम फक्त आपल्या चिठ्ठीच्या तुकड्याला लागतो आणि लागून झाल्यावर चिठ्ठी बदलतो. कच्चे तुकडे संपले की पुढचा टप्पा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. स्टिनीचा खरा जीव आकारात अचानक दिसणाऱ्या आकारांवर होता, दोन चौकोन एकमेकांवर सरकवले की मध्ये तिसरा लहान चौकोन दिसतो, तो कुणी काढलेला नसतो पण डोळ्याला दिसतो आणि नियम त्यालाही लागू शकतो. फार सुंदर कल्पना आहे, पण कॉम्प्युटरला हे ओळखायला लावणं अवघड आहे. म्हणून सुरुवातीला लेबल लावलेल्या आयतांवरच काम करा. कागदावर हाताने खेळताना मात्र तो तिसरा चौकोन बघायची सवय सोडू नका, नवे नियम बऱ्याचदा तिथूनच सुचतात.

पायरी ३: फासे टाकून हाताने वीस प्लॅन काढा

ही पायरी लोक गाळतात, आणि मग महिनाभराने परत इथेच येतात. नियमांना नंबर द्या, फासा टाका, जो येईल तो नियम लावा, पुढे जा. वीस प्लॅन. साधारण पाचव्या-सहाव्या प्लॅनपर्यंतच कळतं की कुठला नियम सगळं खाऊन टाकतोय, कुठला कधी लागतच नाही, आणि कुठल्या जागी तुम्ही मनातल्या मनात फसवून वेगळं काहीतरी काढलंत. ती मनातली फसवणूक म्हणजे न लिहिलेला नियम, लगेच लिहून काढा. वीसपैकी निदान पाच-सहा प्लॅन बघून "ह्यावर काम करता येईल" असं वाटलं पाहिजे. एकही तसा वाटला नाही तर पुढे जाऊ नका, कारण उत्क्रांती व्याकरणात जे आहे त्यातलंच चांगलं वेचून देते, जे नाहीच ते कुठून आणणार.

पायरी ४: आकड्यांची माळ आणि ती वाचायची पद्धत

आता एक छोटं उदाहरण शेवटपर्यंत बघू. प्लॉट १२ × ९ मीटरचा आयत, चिठ्ठी "कच्चा". चार नियम:

नियम ०, उभा काप: तुकड्याची रुंदी दोन भागांत.
नियम १, आडवा काप: तुकड्याचं उत्तर-दक्षिण माप दोन भागांत.
नियम २, पट्टी: तुकड्याच्या डाव्या कडेने १.२ मीटरचा कॉरिडॉर, उरलेलं परत "कच्चा".
नियम ३, थांब: तुकडा "खोली" झाला.

माळेतला प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. दर वेळी दोन आकडे उचलायचे. पहिल्याला ४ ने भागून जी बाकी उरते तो नियमाचा नंबर, दुसरा आकडा ०.३ ते ०.७ मध्ये ताणून बसवला की कापाचं प्रमाण. समजा माळ अशी सुरू होते: ४४, ५१, १३, २०४, ७, ८०, ३१, १२, ९०, १५०...

४४ ला ४ ने भागलं, बाकी ०, म्हणजे उभा काप. ५१ म्हणजे २५५ चा पाचवा भाग, तर प्रमाण ०.३ + ०.०८ = ०.३८. बारा मीटरचे ४.५६ आणि ७.४४ झाले. डावा तुकडा आधी घ्यायचा: १३ ची बाकी १, आडवा काप, २०४ वरून प्रमाण ०.६२, नऊ मीटरचे ५.५८ आणि ३.४२. पुढे ७ ची बाकी ३, थांब, पहिली खोली ४.५६ × ५.५८, साधारण २५.४ चौरस मीटर. ३१ ची बाकीही ३, दुसरी खोली ४.५६ × ३.४२, १५.६ चौरस मीटर. मग उजवा मोठा तुकडा, ९० ची बाकी २, पट्टी, १.२ × ९ चा कॉरिडॉर बरोबर त्या दोन खोल्यांना लागून उभा राहिला आणि ६.२४ × ९ चा तुकडा पुढच्या आकड्यांची वाट बघतोय. हे एकदा स्वतः कागदावर करून बघाच, पाच मिनिटं लागतात आणि सगळा विषय हातात येतो.

लक्षात आलं का, "थांब" नियमाला प्रमाण लागत नाही तरी मी ८० आणि १२ हे आकडे उचलून टाकून दिले. हे मुद्दाम केलंय. ते उचलले नाहीत तर एका ठिकाणी नियम बदलला की पुढचे सगळे आकडे एका घराने सरकतात, नियमाचा आकडा प्रमाण बनतो आणि प्रमाणाचा नियम, आणि आईबापांकडून आलेलं काहीच मुलात टिकत नाही.

आता ह्याच माळेला थोडं टोचून बघा. ५१ चे ५६ केले तर पहिली भिंत फक्त सुमारे ९ सेंटीमीटर सरकते, छान, बारीक बदल. ४४ चे ४८ केले तर बाकी ० च, काहीच बदलत नाही. पण ४४ चे ४५ केले की पहिला काप उभ्याचा आडवा होतो आणि अख्खं घर वेगळं. म्हणजे माळेच्या सुरुवातीचे आकडे फार ताकदीचे, शेवटचे जवळजवळ बिनमहत्त्वाचे. ग्रामॅटिकल इव्होल्यूशनची ही जुनी दुखरी नस आहे. त्यावर उपाय म्हणजे माळेऐवजी कापांचं झाड साठवायचं, मुळाशी प्लॉट, प्रत्येक काप एक फांदी, टोकाला खोल्या. मग संकर, म्हणजे दोन घरांची सरमिसळ, करताना एका घराची अख्खी फांदी, समजा बेडरूम आणि बाथरूमचा जुळलेला गट, उचलून दुसऱ्या घरात लावता येते आणि तो गट शाबूत राहतो. सुरुवात माळेने करा कारण कोड पन्नास-साठ ओळींत होतो, जमल्यावर झाडाकडे जा.

अजून एक हिशोब. चारही नियम सारख्याच शक्यतेने आले तर एका कच्च्या तुकड्यातून सरासरी १.२५ नवे कच्चे तुकडे निघतात (दोन काप प्रत्येकी दोन देतात, पट्टी एक, थांब शून्य, बेरीज पाच, भागिले चार). सरासरी एकाच्या वर असली की वाढ स्वतःहून थांबेलच ह्याची खात्री नाही, काही घरं शेकडो तुकड्यांची होतील. म्हणून तुकडा ८ चौरस मीटरच्या खाली गेला, किंवा तो आता कापला तर खोली २.१ मीटरपेक्षा अरुंद होईल, की "थांब" सक्तीचा. आणि माळ संपली तरी उरलेले सगळे कच्चे तुकडे खोल्या. ह्या दोन ओळी पहिल्या दिवशीच लिहा.

पायरी ५: फिटनेस, म्हणजे चांगलं म्हणजे नक्की काय

इथे मी स्वतः सगळ्यात जास्त ठेचकाळलोय. एका कामात मी फक्त दोन गोष्टी मागितल्या होत्या, खोल्यांचं क्षेत्रफळ ठरल्याप्रमाणे हवं आणि प्रत्येक खोलीला बाहेरची भिंत जास्तीत जास्त हवी म्हणजे उजेड येईल. त्या व्याकरणात अंगण उघडायचा नियम होता. चाळीसाव्या पिढीपर्यंत सगळे प्लॅन फणीसारखे झाले, अरुंद लांब दाते, मध्ये फटी. आकड्यांनी बघितलं तर अप्रतिम, राहायला अशक्य. अल्गोरिदमने मी मागितलं तेच दिलं होतं, बाहेरच्या भिंतीला किंमत असते हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक मागणीच्या समोर तिला ओढून धरणारी दुसरी मागणी मी ठेवतोच: उजेड हवा तर बाहेरच्या भिंतींची एकूण लांबीही कमी हवी, मोठ्या खोल्या हव्यात तर कॉरिडॉरचा वाटाही कमी हवा.

मोजायला सोप्या गोष्टी घ्या. क्षेत्रफळातली चूक टक्क्यांत मोजा, म्हणजे २४ हवे होते आणि २५.४ आले तर चूक ०.०६, नाहीतर मोठ्या खोलीची चूक लहान खोलीला गिळून टाकते. खोलीची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. दोन खोल्या शेजारी हव्या असतील तर नुसता कोपरा टेकून चालत नाही, निदान एक मीटर भिंत सामाईक हवी, दार बसलं पाहिजे. आणि प्रत्येक खोलीत दारातून पोचता येतं का हे ग्राफ (खोल्या म्हणजे बिंदू, दारं म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा) बनवून तपासा.

जे नियमातच बसवता येतं ते फिटनेसमध्ये टाकू नका. अरुंद खोली नको असेल तर कापायच्या नियमातच अडवा, दंड लावत बसू नका. जे अडवता येत नाही, उदाहरणार्थ पोचता न येणारी खोली, त्यासाठी कल्याणमय देब यांची एक फार साधी पद्धत आहे: दोन प्लॅनची तुलना करताना, चालणारा प्लॅन न चालणाऱ्यापेक्षा नेहमी वर, दोन्ही न चालणारे असतील तर कमी चुकणारा वर, दोन्ही चालणारे असतील तरच फिटनेस बघायचा. दंड किती लावायचा ही डोकेदुखीच संपते.

वेगवेगळ्या मागण्यांना वजनं देऊन एकच आकडा करायचा मोह होतो. उजेडाला ०.४, क्षेत्रफळाला ०.३५... ही वजनं कुठून आली हे क्लायंटने विचारलं तर उत्तर काय देणार? त्यापेक्षा देब आणि सहकाऱ्यांचा २००२ चा एनएसजीए-टू हा अल्गोरिदम वापरा, तो एक उत्तर देत नाही, तडजोडींची अख्खी रांग देतो, एका टोकाला भरपूर उजेडाचं महागडं घर, दुसऱ्या टोकाला आटोपशीर पण अंधारं, मधले सगळे मधले. फक्त मागण्या दोन किंवा तीनच ठेवा. पाच-सहा केल्या की जवळजवळ प्रत्येक प्लॅन कशात ना कशात दुसऱ्यापेक्षा बरा ठरतो, आणि मग निवडच होत नाही.

पायरी ६: चालवणं

हत्यारांबद्दल थोडक्यात. डेव्हिड रुटनचा गॅलापागोस ग्रासहॉपरमध्येच येतो, तो स्लायडर आणि जीन पूल (एकत्र ठेवलेल्या अनेक स्लायडरचा गट) हलवतो आणि एकच आकडा लहान किंवा मोठा करतो, शिकायला उत्तम. जास्त मागण्या असतील तर वॉलासी किंवा ऑक्टोपस ही ग्रासहॉपरची प्लगिन, वॉलासीमध्ये प्रत्येक पिढीचे आलेख नीट बघता येतात म्हणून मला तो आवडतो. व्याकरण झाडाच्या रूपात असेल तर सरळ पायथॉनमध्ये डीप किंवा पायमू ह्या तयार लायब्ररी घ्या, ग्रासहॉपरमध्ये झाडांचा संकर करायला गेलात तर नुसत्या तारांचा गुंता होतो.

सुरुवातीचे आकडे: पॉप्युलेशन (एका पिढीतले प्लॅन) ५० ते १००, पिढ्या १००, सरमिसळीसाठी रँडम उचललेल्या दोन किंवा तीन प्लॅनमधून जिंकणारा निवडायचा, म्युटेशन (आकड्यांत आपोआप होणारा बदल) इतकं की माळेतला सरासरी एक आकडा बदलेल, म्हणजे ६० आकड्यांची माळ असेल तर प्रत्येकाची शक्यता साठात एक. आधीच्या पिढीतले दोन-तीन उत्तम जसेच्या तसे पुढे न्या.

चालू करण्याआधी वेळेचा गुणाकार करा. ५० प्लॅन, १०० पिढ्या, म्हणजे ५,००० तपासण्या. तुमची आयताची मोजणी सेकंदाच्या शंभराव्या भागात होत असेल तर मिनिटभरात काम झालं. पण प्रत्येक प्लॅनला लेडीबग-हनीबीने उजेडाचं सिम्युलेशन लावलं आणि ते ३० सेकंद घेत असेल तर दीड लाख सेकंद, जवळजवळ ४२ तास, आणि त्यात काही चुकलं तर परत पहिल्यापासून. म्हणून आधी बाहेरच्या भिंतीच्या लांबीसारखं स्वस्त माप वापरा आणि खरं सिम्युलेशन फक्त शेवटच्या वीस-तीस प्लॅनवर करा. स्वस्त आणि महागडं माप एकाच दिशेने जातंय ना हे आधी दहा प्लॅनवर पडताळून घ्या, नाहीतर चुकीच्या टेकडीवर चढाल.

आणि एक प्रामाणिक तपासणी कधीही गाळू नका: तेवढेच ५,००० प्लॅन नुसते रँडम काढा आणि त्यातला उत्तम बघा. उत्क्रांतीचा उत्तम त्याच्यापेक्षा स्पष्ट चांगला नसेल तर तुमची उत्क्रांती शोधत नाहीये, नुसती भटकतेय, आणि दोष बहुतेक पायरी ४ मध्ये आहे, छोटा बदल केला की अख्खं घर कोसळतंय. हेच पाच वेगवेगळ्या रँडम सीडने (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याने) चालवा. पाचही वेळा भलतेच वेगळे, पण सारख्याच गुणांचे प्लॅन आले तर घाबरू नका, ती तर चांगली बातमी आहे, तुमच्या प्रश्नाला खरंच अनेक उत्तरं आहेत.

दहा-पंधरा पिढ्यांत सगळे प्लॅन एकसारखे झाले तर निवड फार कडक आहे. आधी स्पर्धा तीनऐवजी दोघांत करा, मग म्युटेशन थोडं वाढवा, तरी नाही जमलं तर पॉप्युलेशन दुप्पट. तिन्ही एकदम बदलू नका, कशाने काय झालं ते कळत नाही.

पायरी ७: निकाल वाचणं

शेवटच्या पिढीतला नंबर एकचा प्लॅन घेऊन पुढे जायचं, ही पद्धत मला पटत नाही. तडजोडींच्या रांगेतून दहा-बारा एकमेकांपेक्षा वेगळे प्लॅन निवडा, सारख्या मापाने प्रिंट करा, भिंतीवर लावा आणि फिटनेसचे आकडे झाकून ठेवा. आता नुसते डोळ्याने बघा, दारातून आत शिरा, पिशव्या घेऊन स्वयंपाकघरापर्यंत चाला, रात्री अंधारात बाथरूमला जा. जो प्लॅन डोळ्याला खटकतो पण आकड्यांत वर आहे, त्याच्या समोर का खटकतो ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य म्हणजे पुढचा नियम. "प्रवेशातून सरळ बाथरूमचं दार दिसतं" हे असंच एका प्लॅनखाली लिहिलेलं वाक्य होतं, पुढच्या आवृत्तीत ते दारं बसवायच्या टप्प्यातला नियम झालं.

ह्याचबरोबर नियमांची हजेरी मोजा. चांगल्या पन्नास प्लॅनमध्ये कुठला नियम किती वेळा लागला? एखादा नियम रँडम प्लॅनमध्ये भरपूर दिसतो पण चांगल्या प्लॅनमध्ये गायब असेल तर एक तर तो वाईट आहे किंवा फिटनेस त्याच्यावर अन्याय करतोय. माझ्या एका व्याकरणात चौक उघडायचा नियम असाच मरत होता, कारण चौकाचं क्षेत्रफळ मी वाया गेलेली जागा म्हणून मोजत होतो. मोजणीची ती एक ओळ बदलली आणि पुढच्या वेळी रांगेतल्या जवळजवळ निम्म्या घरांना चौक आला.

प्रत्येक रनबरोबर चार गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवा: व्याकरणाची आवृत्ती, फिटनेसचा कोड, सीडचा आकडा आणि निवडलेल्या प्लॅनच्या माळा. माळ आणि व्याकरण दोन्ही असेल तर तो प्लॅन कधीही जसाच्या तसा परत काढता येतो, पण व्याकरणातला एक नियम जरी मधेच बदललात आणि जुनी आवृत्ती ठेवली नाहीत, तर तीच माळ वाचून भलतंच घर समोर येतं.